घरच्या सर्व्हरची नोंद : हिंजवडीतून दाबलेलं एफ१

गेल्या गुरुवारी कोथरूडला दुरुस्तीसाठी सकाळी साडेनऊला लाइट गेली ती थेट दुपारी अडीचला आली. यूपीएसनं ठरल्याप्रमाणे वीस मिनिटांनी सर्व्हर व्यवस्थित बंद केला आणि मग यूपीएसही संपला. लाइट आली तेव्हा मी हिंजवडीत ऑफिसात. पूर्वी अशा वेळी घरी फोन करायचो, "आई, जरा स्टुलावर चढून माळ्यावरच्या डब्याचं बटण दाबतेस?" तिला बहात्तरावं चालू आहे, गुडघे दुखतात. तिला पुन्हा स्टुलावर चढवायचं नाही, या एका कारणासाठी मी या खेपेला बीएमसी असलेला बोर्ड घेतला.

नवीन मंडळींसाठी सांगतो. बीएमसी (बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर) म्हणजे मदरबोर्डवरच बसवलेला वेगळा छोटा संगणक. त्यातून दुरूनच सर्व्हर चालू-बंद करता येतो आणि त्याचा पडदा बघता येतो. माझ्याकडे अ‍ॅस्पीडची एएसटी२५०० चिप आहे. तिचा लॅन पोर्ट वेगळा, आयपी वेगळा. सर्व्हर बंद असला तरी पिन सॉकेटमध्ये आहे तोवर ती स्टँडबायवर जागी असते. डेलच्या सर्व्हरवर हिलाच आयड्रॅक म्हणतात, एचपीईवर आयएलओ. जुना सर्व्हर घेताना मात्र विचारून घ्या, कारण या दोन्हींत पूर्ण रिमोट कन्सोलसाठी (दुरून सर्व्हरचा पडदा आणि कीबोर्ड वापरायला) बहुतेक वेळा वेगळं लायसन्स लागतं.

तर, व्हीपीएनवरून (बाहेरून घरच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट) बीएमसीत शिरलो, पॉवर ऑन दिलं. दोन मिनिटं झाली, तीन झाली, पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या हाकेला, सर्व्हरचं उत्तर नाही. कन्सोल उघडला तर काळ्या पडद्यावर सीएमओएस चेकसम चुकल्याचा, म्हणजे बोर्डवर जपलेली सेटिंग्ज बिघडल्याचा, संदेश आणि खाली 'पुढे जायला एफ१ दाबा'. वेक-ऑन-लॅननं (नेटवर्कवरून मशीन चालू करायचा संदेश) मशीन चालू झालं असतं, पण ते इथे अडलंय हे मला संध्याकाळी घरी जाऊन मॉनिटर जोडेपर्यंत कळलं नसतं. एफ१ दाबलं, बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन तारीख आणि बूटचा क्रम पुन्हा लावला. चहा गार व्हायच्या आत सर्व्हर उभा!

कारणही तिथेच सापडलं. बीएमसीच्या सेन्सरच्या यादीत व्हीबॅटसमोर (बॅटरीचा व्होल्टेज) लाल खूण, २.४ व्होल्ट. बोर्डवरची सीआर२०३२ बटणबॅटरी ३ व्होल्टची असते. स्टँडबाय वीज असेपर्यंत बायोसच्या सेटिंग्जना बॅटरीची गरजच पडत नाही, म्हणून इतके महिने काही जाणवलं नाही. यूपीएस पूर्ण संपला आणि उघडं पडलं. ही लाल खूण कधीपासून होती देव जाणे, मी ती यादी बघतच नव्हतो. आता रोज सकाळी आयपीएमआयटूल या बीएमसीशी बोलणाऱ्या प्रोग्रामनं सगळे आकडे काढून मला मेल येतो.

दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. पहिली, व्हीपीएन त्याच सर्व्हरवर ठेवू नका. माझा आधी तिथेच एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (सर्व्हरच्या आत चालणारा सॉफ्टवेअरमधला संगणक) होता, म्हणजे सर्व्हर पडला की घरात शिरायची वाटच बंद. आता वायरगार्ड, म्हणजे माझा व्हीपीएन, राउटरवर आहे आणि राउटर इन्व्हर्टरवर.

दुसरी, बीएमसी कधीही थेट इंटरनेटवर उघडी करू नका. बीएमसीशी बोलायची पद्धत म्हणजे आयपीएमआय, तिच्या २.० ची रचनाच अशी आहे की बरोबर युजरनेम सांगणाऱ्या कुणालाही लॉगिनच्या आधीच पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेला सांकेतिक ठसा) मिळतो, आणि मग तो निवांत बसून फोडता येतो. पासवर्ड वीस अक्षरांच्या पुढे जातच नाही. बीएमसीच्या लॅन पोर्टचं सेटिंगही तपासा. काही बोर्डांवर ते 'फेलओव्हर' असतं. त्या पोर्टची केबल निघाली की बीएमसी गुपचूप मुख्य लॅनवर येते. मी ते 'डेडिकेटेड', म्हणजे फक्त तिच्या स्वतःच्या पोर्टपुरतं, केलंय.

मागच्या नोंदीतल्या पंख्यांचंही मार्गी लागलं. शांत पंखे इतके हळू फिरत होते की बीएमसीला ते बंद पडल्यासारखे वाटायचे, मग ती सगळ्यांना पूर्ण वेगात पळवायची, वेग वाढला की पुन्हा सोडून द्यायची. दर काही सेकंदांनी तो आवाज चढायचा, उतरायचा. "तुझं विमान परत सुटलं बघ," आई म्हणायची. ज्याखाली बीएमसी पंखा बंद समजते ती वेगाची मर्यादा मिनिटाला २०० फेऱ्यांवर आणली, तेव्हापासून माळा शांत आहे.

शनिवारी तपकीर गल्लीतून बॅटरी आणली, रविवारी बदलली. व्हीबॅट आता ३.०६.