गंजीफ्रॉकचं कापड

"दोन मीटर द्या," मी म्हटलं.

"ताई, ही होजिअरी आहे. किलोवर मिळते."

रविवार पेठेतल्या त्या दुकानात मी क्षणभर भाजीवालीसमोर उभी असल्यासारखी झाले. आमच्या घरात कापड आधी वारावर आणि मग मीटरवर आलं. आजीचं नऊवारी तर नावातच माप घेऊन यायचं. अर्धा किलो लुगडं असं तिच्यासमोर कुणी म्हटलं असतं, तर तिने त्याला तराजूसकट बाहेर काढलं असतं.

दुकानदारकाकांनी कापडाची कड दोन्ही हातांत धरून ओढली. वीतभर कापड दीड वीत झालं. सोडलं, पुन्हा वीतभर. "आता सांगा, मीटर कुठला धरू?"

गोंधळाचं मूळ मला वाटतं आपल्या भाषेतच आहे. येवल्याचा विणकर पैठणी विणतो, आई स्वेटर विणते आणि बाजही विणलेलीच असते. क्रियापद एकच. पण पैठणीत उभे धागे ताणून बसवलेले असतात आणि आडवे त्यांच्यातून खालीवर जातात, त्यामुळे हलायला जागा नाही. स्वेटरमध्ये धाग्याचा फास, त्या फासातून पुढचा फास. ओढलं की फास लांबट होतात, सोडलं की पुन्हा गोल. टीशर्टचं कापड नीट निरखलं तर सुलट बाजूला बारीक इंग्रजी 'व्ही'च्या रांगा दिसतात आणि उलट बाजूला लाटा. आईच्या सुयांवरचं सुलट-उलट तेच, फक्त टाके मुंगीएवढे. गळ्याची पट्टी जास्त ताणते, कारण तिथे सुलट आणि उलट टाक्यांच्या उभ्या रांगा आळीपाळीने येतात.

नावांचीही गंमत आहे. होजिअरी म्हणजे मुळात पायमोज्यांचा धंदा. जर्सी आणि गर्न्झी ही इंग्लिश खाडीतली शेजारशेजारची दोन बेटं, दोन्ही विणलेल्या लोकरी कपड्यांसाठी प्रसिद्ध. एकीचं नाव या कापडाला आणि खेळाडूंच्या अंगाला चिकटलं. दुसरी इकडे येऊन गंजी झाली. कोळ्यांचे लोकरी सदरे विणणाऱ्या त्या बेटाला काय कल्पना, की आपलं नाव कोकणातल्या दोरीवर भोकं पडेपर्यंत वाळत राहणार आहे!

मग काकांनी हिशेब शिकवला. कापडाच्या चिठ्ठीवर १८० जीएसएम लिहिलं होतं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन १८० ग्रॅम. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ७२ इंच. म्हणजे मीटरभर लांबीला सुमारे ३३० ग्रॅम, आणि किलोत साधारण तीन मीटर. हे वजन काढायला गिरणीत पुरीएवढा गोल तुकडा कापतात, बरोबर १०० चौरस सेंटिमीटरचा. त्याचं ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर. शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर गणित मला इतकं परकं वाटलं नसतं. अर्थात हे माझं नेहमीचंच.

मी किलोभर घेतलं, घरी आणलं आणि त्याच दुपारी कापलं. टेबल लहान, त्यामुळे अर्धं कापड खाली लोंबकळत होतं. स्वतःच्या वजनाने ते लांबत होतं आणि मी तेच लांबलेलं कापड मोठ्या काटेकोरपणे मोजत होते. कापलेल्या कडा तर अळूवडीसारख्या गुंडाळल्या जायला लागल्या. भाच्याचा टीशर्ट पहिल्या धुण्यानंतर बेंबीच्या वर आला. तो म्हणाला, "मावशी, फॅशन आहे का ही?"

"धुतलं होतं का आधी?" काकांनी विचारलं. नव्हतं. "आणि सैल पसरून ठेवलं होतं?" तेही नव्हतं. कापड गुंडाळीत ताणून बसलेलं असतं. धुऊन, वाळवून, मग दिवसभर सपाट पसरून ठेवायचं, कुठेही लोंबू द्यायचं नाही, ते आपोआप आपल्या मापावर येतं. टेप नंतर.

म्हणून नवं किलोभर कापड धुऊन काल रात्रीपासून जेवणाच्या टेबलावर पसरलंय. आम्ही खाली पाटावर जेवलो. कुणी कोपरानेही शिवायचं नाही अशी ताकीद होती. काल ठेवताना कडेला खडूने दोन खुणा केल्या होत्या, बरोबर एक मीटर अंतरावर. आज सकाळी चहाआधी टेप लावली. दोन बोटं कमी.