भर उन्हात बंद केलेलं सोलर

रविवारची दुपार, निरभ्र आभाळ, आणि मोबाइलवर आमच्या छतावरच्या सोलरचा आलेख सरळ शून्यावर. बिघाड काहीच नव्हता. दुरूनच बंद केलं होतं.

आम्ही राहतो त्या दक्षिण ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२० अखेरपासून हा नियम आहे: नवं सोलर गरज पडल्यास दुरून बंद करता आलंच पाहिजे. १४ मार्च २०२१ ला तो पहिल्यांदा वापरला गेला. मला तो अजूनही खटकतो. पैसे आमचे, छत आमचं आणि बटण दुसऱ्याच्या हातात!

कारण खोटं नाही. ग्रिडमध्ये येईल तेवढी वीज त्याच क्षणी खपावी लागते, नाहीतर ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी ढळते. सौम्य हवेच्या दुपारी एसी बंद असतात, छतं मात्र भरभरून वीज देतात.

कौतुक करावं ते जादा वीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांचं. इथल्या हॉर्न्सडेलची ग्रिडला जोडलेली बॅटरी २०१७ मध्ये १०० मेगावॉटची होती, २०२० मध्ये १५० ची झाली. डिसेंबर २०१७ मध्ये शेजारच्या व्हिक्टोरियात कोळशावरचा मोठा संच बंद पडला, तेव्हा तिने क्षणार्धात वीज सोडली. ते काम साध्या स्वयंचलित नियंत्रणाचं. एआय त्याच्या कितीतरी आधी कामाला लागतं. ढग कुठे सरकताहेत, संध्याकाळी मागणी किती चढेल, दर कुठे जाईल, याचे अंदाज बांधून ते ठरवतं, आत्ता बॅटरी भरायची की जागा राखून ठेवायची. इथल्या बाजारात दर पाच मिनिटांनी भाव बदलतो, दुपारी शून्याच्या खालीही जातो. माणसाने हे हाताने करायचं म्हटलं तर पापणी लवायची सोय नाही.

पण म्हणून भारतात आपण मागे आहोत, असं मी कुणाला म्हणू देत नाही. ५ एप्रिल २०२०, रात्रीचे नऊ, नऊ मिनिटं दिवे बंद. देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने कोसळली, अंदाजाच्या दुपटीहून जास्त. विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरमधल्या आपल्या इंजिनिअरांनी जलविद्युत वरखाली करून ग्रिड सांभाळली. अख्ख्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याची कमाल मागणी त्या घसरणीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास! वेळ आधी ठरलेली होती, ढग सांगून येत नाहीत, हे मान्य.

आता आपल्याकडेही सूर्यघर योजनेतून १ कोटी छतांचं लक्ष्य आहे. असा नियम आज ना उद्या येईल. तेव्हा आधी साठवण उभी राहावी, बटण त्यानंतर. आणि सोलर बंद केलंच, तर का आणि किती वेळ, हे घरमालकाला लगेच कळवणं नियमातच लिहिलेलं असावं.