ओपीजीत दिसलेलं सलाईन

"उपटून टाका एकदाची," खुर्चीत नीट टेकायच्या आधीच काकू म्हणाल्या. डावीकडची खालची दाढ पार पोखरली होती, रात्रभर ठणकत होती. औषधं विचारली तर, "बीपीची एक गोळी. बाकी काही नाही." उजवीकडच्या दोन दाढा वर्षापूर्वी दुसरीकडे काढलेल्या. वर हिरडी छान मिटलेली, गुलाबी. मी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढून आणायला सांगितलं.

तो स्क्रीनवर उघडला आणि दुखरी दाढ राहिली बाजूला, नजर उजवीकडेच अडकली. वर्ष उलटलं तरी मुळांचे खड्डे जसेच्या तसे! एरवी एवढ्या काळात तिथे नवं हाड भरतं आणि खड्ड्याच्या कडेची पांढरी रेघ, म्हणजे लॅमिना ड्युरा, पुसली जाते. इथे ती उलट जाड झाली होती, उरलेल्या दातांभोवतीसुद्धा. त्याहून खटकला जबड्याचा खालचा काठ. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बायकांमध्ये तो बहुधा पातळ, कुरतडल्यासारखा दिसतो. काकूंचा मात्र जाडजूड, पांढराफटक; नसेचा कालवाही अरुंद झालेला. या वयात हाड आपोआप असं होत नाही.

"काकू, कुठे सलाईन वगैरे लावतात का?"

"ते होय! दर महिन्याला लावतात की. पण ते औषध थोडंच, हाडांना ताकद येते त्यानं."

मुलाने गाडीतून फाईल आणली. स्तनाचा कॅन्सर, मणक्यात पसरलेला. झोलेड्रोनिक ॲसिड, 4 मिलिग्रॅम, दोन वर्षं चालू.

हे औषध हाड खाणाऱ्या पेशींना थोपवतं. मणका ठिसूळ होऊन मोडू नये म्हणून ते हवंच. पण जुनं हाड खाल्लं गेल्याशिवाय नवं नीट घडत नाही, आणि जबड्याच्या हाडात ही उलाढाल फार वेगाने चालते. त्यात दात काढला की जखम थेट तोंडातल्या जंतूंच्या तावडीत. काहींचं हाड मग उघडं पडतं आणि मरतं. 2003 साली अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स यांनी अशा रुग्णांची नोंद केली, तेव्हा लोकांना एकोणिसाव्या शतकातले काडेपेटी कारखान्यातले कामगार आठवले. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने त्यांचे जबडे असेच सडत.

काकूंचं हाड उघडं नव्हतं, त्यामुळे मी त्याला रोगाचं नाव दिलं नाही. पण दाढ उपटायचा विषय संपला. रूट कॅनाल करायचं, वरचा भाग हिरडीलगत कापायचा, मुळं हाडातच ठेवायची.

"म्हणजे मेलेली दाढ तोंडात वागवायची?"

"वागवायची, काकू."

त्यांना ते मुळीच पटलं नाही. मुलाने समजावलं, मी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

सोबत आलेल्या त्यांच्या जाऊबाई हे सगळं कान देऊन ऐकत होत्या. त्यांना हाडं ठिसूळ झाल्याबद्दल दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन असतं; तेही हाड खाणाऱ्या पेशींनाच थोपवतं. "मी पुढचं चुकवते बाई," त्या म्हणाल्या. ही भीती मला जास्त घातक वाटते. कॅन्सरसाठीच्या मोठ्या डोसात जबड्याचा धोका शंभरात पाचाच्या आत; ठिसूळ हाडांसाठीच्या डोसात वर्षाला दहा हजारांत पाचेक. आणि डेनोसुमॅब परस्पर बंद केलं तर हाड झपाट्याने झिजतं, मणके मोडू शकतात. त्यांना म्हटलं, इंजेक्शन वेळेवर घ्या, दात आत्ताच दाखवा. एका दाढेत कीड निघाली. त्याच दिवशी भरून टाकली.