एक्झॉस्टचा पाइप अडीच इंची का घेतला

गाडी दोन सीटची, चॅसिस स्वतः बांधलेलं, इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना. इंजिन २ लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बोशिवाय, ७,००० आरपीएमपर्यंत फिरणारं, अंदाजे १७० हॉर्सपॉवरचं. बाकी सगळं ठरलं होतं, एक्झॉस्टचा पाइप तेवढा अडला होता. सव्वादोन इंची, अडीच इंची की तीन इंची? कुणालाही विचारलं तर दोनच सल्ले मिळतात. "तीन इंची टाक, इंजिन मोकळं होईल," हा एक. "नको, बॅक प्रेशर लागतं, खालचा टॉर्क जाईल," हा दुसरा. दोन्ही अर्धेच खरे आहेत.

बॅक प्रेशर, म्हणजे नळीतल्या अडथळ्यामुळे इंजिनाकडे उलटा येणारा दाब, इंजिनाला कधीच लागत नाही. लागतो तो वायूचा वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आधीच इनटेक उघडायला लागतो. त्या ओव्हरलॅपच्या वेळी नळीतून वेगाने पुढे गेलेला वायूचा लोट मागे कमी दाब सोडतो आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढतो. नळी फार रुंद असेल तर वेग पडतो आणि ही ओढ ढिली होते. पण हा खेळ मुख्यतः हेडरच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरपासून निघणाऱ्या, नळ्यांत आणि त्या जिथे एकत्र येतात त्या कलेक्टरमध्ये चालतो. कलेक्टरच्या पुढे नळी रुंद केली म्हणून टॉर्क फारसा जात नाही. तिथे जास्तीच्या रुंदीची किंमत वेगळ्या खात्यात मोजावी लागते: आवाज, वजन, जमिनीपासूनची उंची. मोठा पाइप टाकल्यावर गाडी खाली मंद वाटू लागली, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा बहुतेकदा मिश्रण पातळ झालेलं असतं आणि ट्यूनिंग कुणी पुन्हा केलेलं नसतं. दोष बिचाऱ्या पाइपाच्या माथी.

म्हणून सुरुवात वायूच्या हिशोबापासून केली. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं. ७,००० आरपीएमला मिनिटाला ३,५०० वेळा २ लिटर, म्हणजे ७,००० लिटर. भरण्याची कार्यक्षमता ९५ टक्के धरली की ६,६५० लिटर हवा. ही हवा २० अंश सेल्सियसची. एक्झॉस्टमध्ये ती तापून फुगते. नळीच्या मधल्या भागात सरासरी ५०० अंश धरले तर निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात, २९३ वरून ७७३ केल्विन, आकारमान २.६४ पट होतं. म्हणजे मिनिटाला साधारण १७,५०० लिटर, सेकंदाला ०.२९ घनमीटर. इंधनाची भर यात धरलेली नाही. ती धरली की आकडा थोडा वर सरकतो.

आता नळीचं क्षेत्रफळ. इथे पहिली चूक होते. एक्झॉस्टची ट्यूब बाहेरच्या व्यासाने विकली जाते. अडीच इंची म्हणजे बाहेरून ६३.५ मिमी. जाडी १.५ मिमी असेल तर आतून मिळतात ६०.५ मिमी. सव्वादोन इंचीत ५४.१५ आणि तीन इंचीत ७३.२. आणखी एक घोळ म्हणजे प्लंबिंगच्या मापाचा पाइप. त्यातला "अडीच इंची" बाहेरून ७३ मिमी असतो, आणि "दोन इंची" ६०.३ मिमी. ऑर्डर देताना इंचात न बोलता "बाहेरून ६३.५, जाडी १.५" असं लिहून द्यावं आणि माल आला की आधी व्हर्नियर लावावा. एकदा बेंड एका मापाचे आणि सरळ नळी दुसऱ्या मापाची आली की टिग वेल्डिंग करणाऱ्याचे हाल बघवत नाहीत.

आतल्या मापांवरून वेग काढला. सव्वादोन इंचीत सेकंदाला १२७ मीटर, अडीच इंचीत १०२, तीन इंचीत ७०. रस्त्यावर चालवायच्या गाडीत मधल्या नळीचा वेग १०० च्या आसपास ठेवायचा आणि १२० च्या वर जाऊ द्यायचा नाही, हा माझा अंगठेनियम. पडताळ्याला दुसरा प्रचलित ठोकताळाही लावला: दर हॉर्सपॉवरमागे मिनिटाला २.२ घनफूट, आणि सरळ उघड्या नळीच्या दर चौरस इंचातून मिनिटाला ११५ घनफूट. १७० हॉर्सपॉवरला ३७४ घनफूट, म्हणजे ३.२५ चौरस इंच, म्हणजे आतून जेमतेम ५२ मिमी. या हिशोबाने सव्वादोन इंची पुरायला हवी.

इथे बरेच जण थांबतात, आणि फसतात. तो ठोकताळा सरळ, उघड्या नळीचा आहे. गाडीखाली सहा बेंड, धूर स्वच्छ करणारा एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) आणि सायलेन्सर असतो. शिवाय तेवढ्याच वायूला नळीतला अडथळा व्यास कमी होताना साधारण पाचव्या घाताने वाढतो. ६०.५ आणि ५४.१५ यांचं गुणोत्तर १.१२ दिसायला किरकोळ, पण पाचवा घात केला की १.७४. म्हणजे पाव इंच वाचवला की अडथळा पाऊणपटीने वाढला. दुसऱ्या बाजूला, अडीचवरून तीनवर गेलं तर मिळणारा फायदा या ताकदीच्या इंजिनात हातात धरण्याजोगा उरत नाही, आणि चॅसिसखाली साडेबारा मिमी उंची मात्र नक्की जाते. अडीच इंची पक्की केली. टर्बो असता तर टर्बाइनच्या पुढचा हिशोब वेगळा: तिथे ओढीचा प्रश्न नाही, मावेल तेवढी मोठी नळी घ्यावी.

पण पक्की म्हणजे शेवटपर्यंत नव्हे. वायू मागे जाताना थंड होतो आणि आकसतो. मागच्या ॲक्सलपाशी ३०० अंश धरले तर अडीच इंचीत वेग ७५ वर येतो. तिथून टोकापर्यंत सव्वादोन इंची घातली तरी वेग ९४, म्हणजे मधल्या भागापेक्षा कमीच. ॲक्सलवरून नळी वळवताना ते सहा मिमी फार कामी आले. चाक पूर्ण वर दाबलं गेल्यावर ॲक्सल आणि नळी यांत २५ मिमी अंतर हवं होतं, ते अडीच इंचीत बसत नव्हतं.

हेडरचा हिशोब वेगळ्या सूत्राने केला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तळबिंदूच्या (पिस्टन सर्वांत खाली असतो त्या जागेच्या) ७० अंश आधी उघडतो. १८० अधिक ७०, म्हणजे २५०. ८५० गुणिले २५०, भागिले ६,५०० आरपीएम, वजा ३. उत्तर २९.७ इंच, ही हेडरच्या नळीची लांबी. आतला व्यास काढायला सिलिंडरचे ५०० सीसी भागिले (२९.७ अधिक ३) गुणिले २५, त्याचं वर्गमूळ, गुणिले २.१. येतात १.६४ इंच, म्हणजे ४१.७ मिमी. पावणेदोन इंची ट्यूब १.५ मिमी जाडीत आतून ४१.४५ असते, म्हणजे बाजारात मिळणारं मापच जुळलं. रचना ४-२-१ ची ठेवली, म्हणजे चार नळ्यांच्या दोन आणि दोनांची एक, कारण गाडी रस्त्यावर चालायची आहे आणि मधल्या आरपीएमचा टॉर्क हवा आहे. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२ असल्यामुळे जोड्या १-४ आणि २-३. पहिल्या नळ्या १५ इंच, उरलेली लांबी दुसऱ्या जोडीला. दुसऱ्या जोडीचा व्यास पहिल्याच्या १.४१४ पट, गुणिले ०.९३: ५४.८ मिमी. सव्वादोन इंची. तिथून पुढे अडीच. चढत जाणारी मापं अशी आपोआप जुळली की हिशोबावर जरा विश्वास बसतो.

बेंडबद्दल थोडक्यात. दाबून वाकवलेला बेंड वळणावर चेपतो आणि अडीच इंचीचे पैसे देऊन दोन इंचीची भोकं मिळतात. आतून गोलाई टिकवणारे मॅन्ड्रेल बेंडच घ्यावेत, मध्यरेषेची त्रिज्या व्यासाच्या दीडपट किंवा जास्त.

खरी फसगत सायलेन्सरने केली. दोन्ही तोंडं ६३.५ ची, कवच भक्कम, लेबलवर अडीच इंची लिहिलेलं. आत मात्र वायू ४५ मिमीच्या नळीतून फिरत होता. तोंडं एका रेषेत नसल्यामुळे टॉर्च मारून आरपार काही दिसलं नाही. पूर्ण सिस्टिमचं माप तिच्यातल्या सर्वांत अरुंद जागेइतकंच, हे माहीत असूनही तिथे तपासणी राहिली. आता कुठलाही सायलेन्सर घेण्याआधी काठीला ५५ मिमीची लाकडी चकती लावून ती दोन्ही तोंडांतून आत सारून बघतो. चकती अडली की सायलेन्सर परत.

हा दोष सापडला तो मोजमापामुळे. कॅटच्या आधी ऑक्सिजन सेन्सरसाठी १८ × १.५ आट्यांचा नट वेल्ड केलेला होताच. सेन्सरच्या जागी ॲडॅप्टर, त्याला अर्धा मीटर स्टीलची बारीक नळी, मग रबरी होज आणि ० ते १५ पीएसआयचा गेज. रबर थेट लावलं तर वितळतं. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला ६,८०० आरपीएमवर गेज ३ पीएसआय दाखवत होता. सायलेन्सर उतरवून त्या जागी सरळ नळी घातली, काटा दीडच्याही खाली. आरपार जाळीच्या नळीचा, आतून ६० मिमीचा सायलेन्सर लावला: पावणेदोन. विनाटर्बो रस्त्याच्या गाडीत २ च्या आत असलं की मी पुढे खणत बसत नाही. फरक ६,००० च्या वरच जाणवतो. खाली गाडी पूर्वीसारखीच, टॉर्क कुठेही गेला नाही.

आरपार सायलेन्सरचा हिशोब मात्र ३,००० आरपीएमला चुकवावा लागला. चार सिलिंडरचं इंजिन त्या वेगाला सेकंदाला १०० स्फोट करतं. १०० हर्ट्झची ती घूं केबिनमध्ये अशी भरते की वीस मिनिटांत कानाला दडे बसतात. उपाय म्हणून एका टोकाला बंद केलेली नळी मुख्य पाइपाला फांदीसारखी जोडली. लांबी लहरलांबीच्या पाव. यातला वायू वाहत नाही, म्हणून तो मुख्य नळीपेक्षा थंड असतो. २०० अंश धरले तर ध्वनीचा वेग सेकंदाला ४३६ मीटर, पाव लांबी १.०९ मीटर. मुख्य नळीचं तापमान धरून काढलेली लांबी जास्त येते आणि घूं भलत्याच आरपीएमला दबते. तापमानाचा अंदाज चुकू शकतो म्हणून बंद टोक आधी क्लॅम्पवर सरकतं ठेवलं. मागे-पुढे करत आवाज पडेल तिथे खूण केली आणि मग वेल्ड मारला.

टांगणीला सहसा कुणी महत्त्व देत नाही. ३०४ स्टेनलेस दर अंशाला मीटरमागे ०.०१७ मिमी वाढतं. ३.२ मीटरची नळी सरासरी ४०० अंशांनी तापली की २२ मिमी लांब होते. ती वाढ कुठेतरी जायलाच हवी. पुढे लवचिक फ्लेक्स जोड, मागे रबरी हँगर, आणि हँगर थंड असताना पुढच्या बाजूला झुकलेले, म्हणजे तापल्यावर सरळ लोंबतात. सगळं घट्ट आवळलं की तडा जातो हेडरच्या फ्लँजला, तोही वेल्डच्या कडेने.

वेल्डिंग नेहमी गाडीखाली फक्त टॅक (ठिपक्यांचे तात्पुरते जोड) मारून, पूर्ण वेल्ड बाहेर काढून टेबलावर. ३०४ ला ३०८एल फिलर, स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडताना ३०९. नळीच्या आतून आर्गॉन भरलेला हवा, नाहीतर वेल्डची आतली बाजू जळून साखरेसारखी खरबरीत होते, वायूला अडवते आणि पुढे तिथूनच तडकते. ऑक्सिजन सेन्सर आडव्या रेषेच्या किमान १० अंश वर झुकलेला ठेवला, खाली तोंड केलं तर थंडीत साचलेलं पाणी त्याच्यात जातं.

पहिल्या दोन-तीन वेळा तापून थंड झाल्यावर सगळे क्लॅम्प आणि हेडरचे नट पुन्हा आवळले. सेन्सरच्या आधी बारीकशी जरी गळती राहिली तरी दोन स्फोटांच्या मध्ये तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ असल्याचं सांगतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, विनाकारण पेट्रोल ओतत राहतो. म्हणून साबणाचं पाणी लावून, टोकाला चिंधी कोंबून आणि मागून कमी दाबाची हवा सोडून सगळे जोड तपासले. फ्लेक्सच्या पुढच्या वेल्डवर बुडबुडे आले. तो एकच जोड गाडीखाली पडून, अवघडून मारलेला होता.