मधल्या पायऱ्या

अपंगांवरचा एखादा सिनेमा आला की पहिल्याच आठवड्यात मला तीन-चार फोन येतात. "पाहिलात का? तुम्हाला तर आवडलाच असेल!" आता तुम्हीही विचारलंत, असे सिनेमे मला कसे वाटतात, म्हणून सांगते. पाहते, पण माझं लक्ष गोष्टीकडे कमी आणि गुडघ्याच्या कुलपाकडे जास्त असतं.

हे कुलूप कॅलिपरचं. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून उजव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत धातूच्या पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कडी असते. उभं राहिलं की ती खाली घसरते आणि पाय काठीसारखा ताठ. बसायचं तर सलवारीवरून चाचपून दोन्ही कड्या वर ओढायच्या, मग गुडघा वाकतो. बसमध्ये, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, दिवसभर हेच. एका मालिकेतली नायिका असाच कॅलिपर लावून आली आणि सोफ्यावर धपकन बसली! आई म्हणाली, "किती छान काम करते गं." मी म्हटलं, "आधी हिचा कॅलिपर कुठे मिळतो ते विचार."

चूक बारीक आहे, कबूल. पण कॅलिपर वापरणारं कुणी सेटवर असतं तर ती पहिल्याच तालमीत सापडली असती.

दुसरी गंमत व्हीलचेअरची. नायक फाटकाशी असतो, पुढच्या दृश्यात थेट गच्चीवर चांदणं बघत. मधल्या पायऱ्या संकलकाच्या कात्रीत गेलेल्या. त्याला वर कुणी उचललं, उचलताना काखेत हात घातले की खुर्चीसकट नेलं, त्याला ते आवडलं का? आमचा निम्मा दिवस त्या पायऱ्यांवर जातो हो. आणि शेवट? एक तर बरं व्हायचं, नाहीतर मरायचं, नाहीतर पदक जिंकायचं. 'अमर अकबर अँथनी'तल्या आईला साईबाबांच्या कृपेने दृष्टी परत मिळते. लहानपणी तो सिनेमा पाहून आजीने माझ्यासाठीही नवस बोलला होता. तो अजून फिटायचाय.

विनोदाचं विचाराल, तर मला त्याचं वावडं नाही. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही एकमेकींच्या कुबड्यांवर जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रांच्या, सिनेमातल्या अपंगांच्या चित्रणाविषयीच्या याचिकेवर निकाल देताना हाच फरक केला: अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद वेगळा आणि अपंगाला खाली ओढणारा वेगळा. पडद्यावरचा बोबडा नोकर दुसऱ्या प्रकारातला.

काहीच आवडत नाही असं मात्र नाही. सई परांजपेंचा 1980 सालचा 'स्पर्श' मी कितीदा पाहिला असेन. दिल्लीतल्या अंध शाळेत चित्रीकरण, आणि मुलंही खरीखुरी अंध. नसीरुद्दीन शहांचा तो मुख्याध्यापक कुणी उगाच मदतीला धावलं की चिडतो, आणि त्याचा अहंकार दिग्दर्शिकेने झाकलेला नाही. हट्टी, चुकणारा, प्रेमात पडून घाबरणारा अंध माणूस! आम्हाला दुर्गुण असायची परवानगी इतकी क्वचित मिळते. आणि 2014 चा मराठी 'यलो'. डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ त्यात स्वतःचीच भूमिका करते. ती पाण्यात उतरते तेव्हा 'अभिनय किती हुबेहूब' असं म्हणायची सोयच उरत नाही.

मागच्या वर्षी भाचीने हट्टाने मला एका 'प्रेरणादायी' सिनेमाला नेलं. तिकिटं मधल्या रांगेची. आत अंधार, पायऱ्या उंच, धरायला कठडा नाही. शेवटी तिथल्या मुलाने माझी पहिल्या रांगेत सोय केली. अडीच तास मान वर. नायकाने एका पायावर डोंगर सर केला, मागे सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं, आणि मला त्याच्या नाकपुड्या तेवढ्या दिसत होत्या.