गाव नमुना ११ साठी गेलेले तीन आठवडे

शाश्वत विकास पदवीच्या वर्गाला शिकवायचा तर मुलांकडून एखाद्या गावाचा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी आलं आणि किती लागतं याचा हिशेब, करून घ्यावा, हे माझं ठाम मत आहे. हिवरे बाजार या गावात तो दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवतात. आम्ही तो दोन क्रेडिटच्या फील्ड प्रोजेक्टमध्ये घेतला. जमेची बाजू मुलांनी भराभर मांडली. एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. १,००० हेक्टरच्या शिवारात ५०० मिमी पडला, तर ५० लाख घनमीटर.

अडलं खर्चाशी. कोणत्या पिकाखाली किती क्षेत्र, हे महसूल खात्याच्या गाव नमुना ११ मध्ये असतं आणि त्याशिवाय खर्च मांडताच येत नाही. तो मागणाऱ्या आमच्या पत्रात ‘विद्यार्थ्यांना आवश्यक माहिती द्यावी’ एवढंच होतं. ते तीनदा परत आलं: आधी जावक क्रमांक नाही म्हणून, मग वर्ष नाही म्हणून, मग हंगाम लिहिला नाही म्हणून. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी सांगता आल्या असत्या, याचा राग अजून गेलेला नाही. चौथ्या पत्रात नमुन्याचा क्रमांक, गाव, तालुका, महसुली वर्ष, हंगाम सगळं घातलं आणि दोन दिवसांत प्रत हातात आली. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात असं पत्र द्या आणि पोच घ्या.

कागदावर विसंबूही नका, शिवारफेरी कराच. नोंदीत ज्वारी आणि शेतात ऊस असं निघतं. ज्वारीला हंगामात ४५० ते ६५० मिमी पाणी लागतं, उसाला १,५०० ते २,५००. मधले आकडे धरले तरी १० हेक्टरमागे १,४५,००० घनमीटरची चूक होते.

विहिरींची पाणीपातळी कशी मोजायची, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. टेपच्या टोकाकडच्या मीटरभर भागाला खडू चोळा. कठड्यावर ९ मीटरची खूण धरली आणि खडू ६० सेंमी भिजला, तर पाणी ८.४० मीटरवर, त्यातून कठड्याची ७५ सेंमी उंची वजा केली की जमिनीपासून ७.६५. हे वजा करायला निम्मे गट विसरतात. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद झाली असताना मोजू नका, काळ्या पाषाणातली विहीर सावकाश भरते. शेतकऱ्याला विजेची पाळी विचारा आणि वीज येण्याच्या थोडं आधी पोचा.

ताळेबंद रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत जायला हवा. आमचा गेला तेव्हा हरभरा वीतभर वर आला होता.