टर्कीच्या खिम्याचं सूप, आणि माझं पहिलं पाणचट पातेलं

टर्कीच्या खिम्याचं सूप मी पहिल्यांदा केलं तेव्हा ते इतकं आळणी आणि पाणचट झालं होतं की सांगायची सोय नाही. हेल्दी करायचं म्हणून तेल जवळजवळ नाहीच, मीठ चिमूटभर, खिमा थेट उकळत्या पाण्यात सोडलेला आणि भाज्या सगळ्या एकदम. वर करडा फेस, खाली रबरासारखे गोळे आणि मधे गाजराच्या चकत्या तरंगतायत. घरातल्यांनी शहाण्यासारखं काही न बोलता अर्धा अर्धा बोल संपवला आणि नंतर ब्रेडला बटर लावून खाल्लं. मी पण खाल्लं, खोटं कशाला बोलू.

आता मात्र हेच सूप आमच्याकडे भरल्या पोटाचं जेवण म्हणून होतं, बरोबर वेगळं काही लागत नाही. फरक कशाने पडला म्हणाल तर एकाच गोष्टीने, खिमा आधी खरपूस परतायचा आणि पाणी नंतर. बाकी बरंचसं थोडं मागेपुढे झालं तरी चालतं.

आधी खिम्याबद्दल. पाकिटावर आकडे असतात ते बघून घ्या, ९३ टक्के लीन (म्हणजे चरबी सोडून उरलेलं मांस) म्हणजे ७ टक्के फॅट, ८५ टक्के म्हणजे १५ टक्के फॅट. ९९ टक्केवाला खिमा बहुतेक नुसत्या ब्रेस्टचा असतो आणि तो सुपात लाकडाच्या भुशासारखा लागतो, हे माझं मत, कोणाला आवडत असेल तर असो. मी ९३ वाला घेते, साधारण ५०० ग्रॅम, यात सहा जणांचं आरामात होतं.

तर परतण्याचं असं आहे की टर्कीत पाणी भरपूर आणि फॅट कमी, त्यामुळे पातेल्यात पडला रे पडला की खिमा पाणी सोडतो आणि स्वतःच्याच पाण्यात शिजायला लागतो. पाणी आहे तोवर तिथलं तापमान काही १०० अंशांच्या वर जात नाही, आणि मांसाला तो तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास यायला १४० च्या आसपास लागतं. म्हणजे पाणी आटल्याशिवाय चव यायला सुरुवातच होत नाही. माझ्या पहिल्या सुपाला ती संधीच मिळाली नव्हती बिचाऱ्याला.

म्हणून जाड बुडाचं, पसरट पातेलं घ्यायचं, चांगलं तापवायचं, एक मोठा चमचा तेल, आणि खिमा कागदाने टिपून चपटा पसरून टाकायचा. आणि मग हात लावायचा नाही! हेच सगळ्यात अवघड आहे, हातात कालथा असला की ढवळायची खाज सुटतेच. चार-पाच मिनिटं तसाच राहू द्या, खालची बाजू बिस्किटासारखी तपकिरी झाली की मग उलटा आणि मोडा. दुसरी बाजू फक्त पांढरी होऊ दिली तरी पुरे, दोन्हीकडून कडक केलात तर सुपात खडे लागतात. पातेलं लहान असेल तर खिमा दोन वेळा करून परता. आणि अर्धवट गोठलेला खिमा घाईघाईने टाकू नका, ते मी करून बसलेय, नुसतं तळं झालं होतं पातेल्यात.

अजून एक युक्ती आहे, ऐकायला विचित्र वाटेल. ५०० ग्रॅम खिम्याला पाव छोटा चमचा खायचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून चोळायचा आणि १५ मिनिटं ठेवायचा. सोड्याने मांस थोडं अल्कधर्मी होतं, मग ते पाणी कमी सोडतं आणि रंगही पटकन धरतं. मात्र पाव म्हणजे पावच, जास्त पडला तर साबणाची चव येते.

खिमा काढून बाजूला ठेवला की पातेल्याच्या बुडाला जी खरवड राहते ती घासून टाकू नका, तिथेच तर सगळा माल आहे. त्याच पातेल्यात थोडं तेल, एक मोठा कांदा, सेलरीच्या दोन काड्या बारीक चिरून, आणि लगेच चिमूट मीठ. मिठाने कांद्याला पाणी सुटतं आणि त्या पाण्यात खरवड आपोआप सुटते, लाकडी चमच्याने खरवडत राहायचं. कांदा मऊ झाला की चार पाकळ्या लसूण, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, आणि पेस्टचा लाल रंग विटकरी होईपर्यंत दोन मिनिटं परता. कच्ची पेस्ट सुपात गेली तर डब्याचा वास येत राहतो शेवटपर्यंत. थोडं थाइम (सुकवलेला सुवासिक पाला), एक बे लीफ (तमालपत्रासारखं पान), मिरपूड. मशरूम असतील तर तेही याच वेळी, चांगले लाल होईपर्यंत, त्याने मांस आहे त्यापेक्षा जास्त असल्यासारखं वाटतं.

आता भाज्या, आणि इथे माझी दुसरी मोठी फजिती. एकदा मी बटाटे आणि कॅनमधला टोमॅटो एकदमच टाकला आणि मग ४० मिनिटं झाली तरी बटाटा दाताखाली कचकच. मला वाटलं बटाटेच खराब निघाले. नंतर कळलं की आंबट पाण्यात भाज्यांमधलं पेक्टिन, म्हणजे त्यांना घट्ट धरून ठेवणारा चिकट पदार्थ, लवकर विरघळत नाही, म्हणून त्या मऊ व्हायला वेळ लागतो. तेव्हापासून आधी सव्वा लिटर स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी), त्यात दोन बटाटे, दोन गाजरं, मोठ्या फोडी, १५ मिनिटं मंद आचेवर. सुरी सहज आत गेली की मग ४०० ग्रॅमचा टोमॅटोचा कॅन, पाव कोबी जाडसर चिरून, खिमा परत आत, आणि पांढऱ्या बीन्सचा एक कॅन पाणी काढून धुवून. अजून १५ मिनिटं. फरसबी शेवटची आठ-दहा मिनिटं, नाहीतर टोमॅटोच्या आंबटपणाने ती शेवाळी रंगाची होते. झुकिनी पाच मिनिटं. पालक गॅस बंद करून, नुसत्या वाफेवर बसतो.

बीन्स सुक्या वापरणार असाल तर त्या वेगळ्या भांड्यात पूर्ण शिजवून मगच टाका, आणि राजमा असेल तर भिजवलेलं पाणी फेकून नव्या पाण्यात आधी किमान १० मिनिटं खळखळ उकळवून घ्या, मग हवं तसं शिजवा. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं जे असतं त्याने पोट भयंकर बिघडतं, आणि स्लो कुकरच्या कमी आचेवर ते जातही नाही. कॅनमधल्या बीन्सना ही भानगड नाही.

अर्ध्या बीन्स मी चमच्याने ठेचून टाकते. क्रीम नको, कॉर्नफ्लोअर नको, सूप आपोआप दाट होतं. याने जो भरीवपणा येतो तो नुसत्या भाज्यांनी येत नाही, कोबी कितीही टाका.

मिठाचं सांगते, कारण हेल्दी म्हटलं की सगळे आधी त्याच्याच मागे लागतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि पाकिटातल्या स्टॉकचे दोन-तीन कप झाले की त्यातलं बरंचसं तिथेच उडतं. म्हणून स्टॉक बिनमिठाचा किंवा कमी मिठाचा घ्यायचा आणि मीठ आपल्या हाताने, थोडं थोडं, प्रत्येक टप्प्याला. तरी शेवटी काहीतरी कमी वाटलं तर लगेच मिठाकडे जाऊ नका, आधी अर्धं लिंबू पिळून बघा. दहापैकी आठ वेळा आंबटच कमी असतं. आणि तेलाला घाबरू नका हो, गाजर-पालकातलं कॅरोटीन अंगी लागायला थोडं तरी फॅट लागतंच. खिम्यात १०० ग्रॅममागे साधारण २० ग्रॅम प्रोटीन आहे, बीन्सचं फायबर आहे, दोन चमचे तेलाने काही बिघडत नाही.

शिजलं का नाही ते रंगावर ठरवू नका, टर्की कधीकधी पूर्ण शिजूनही गुलाबीसर दिसते आणि कधी कच्ची असून पांढरी. परतून बाजूला काढलेला खिमा अर्धाकच्चाच धरा, त्यातला तुकडा चव बघायला तोंडात टाकू नका, बरोबर सुटलेलं पाणी मात्र सुपात जाऊ द्या. आतून ७४ अंश सेल्सियस झालं पाहिजे, सुपात १५ मिनिटं उकळल्यावर ते होऊनच जातं म्हणा.

उरलेलं सूप मोठ्या पातेल्यात तसंच झाकून ठेवू नका, मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो. पसरट डब्यांत काढा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस छान राहतं, आणि दुसऱ्या दिवशी तर जास्तच चांगलं लागतं. फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर त्या वेळी बटाटा वगळा, गोठून निघाला की रवाळ होतो, बीन्स वाढवा त्याऐवजी. दोन-तीन महिन्यांत संपवा.

आणि पास्ता टाकायचा मोह झाला तर वेगळा उकडून आयत्या वेळी बोलमध्ये घाला. मी एकदा पातेल्यातच टाकून झोपले, सकाळी झाकण काढलं तर सूप नाहीच, सगळं पास्त्याने पिऊन टाकलेलं, आणि चमचा मधोमध सरळ उभा.